वळवाचा बहाणा

बेळगावात वळीव कोसळतो, फांदी तारांवर पडते आणि वीज परत येताच घरोघरचे टीव्ही, फ्रीज जळून जातात. 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून वीज अधिकारी हात झटकतात. हा बहाणा आम्हांस मान्य नाही! खांबावरील न्यूट्रल तार तुटली, की २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टपर्यंतचा दाब येऊ शकतो. वादळ निसर्गाचे खरे. परंतु फांद्या न छाटणे, जीर्ण तारा न बदलणे आणि तपासणीवाचून प्रवाह सोडणे, ही माणसांचीच करणी होय.

भरपाई मागावी, तर अर्ज व सूचना कानडीत! भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, असे केंद्र सरकारने १९५६ सालीच सुचविले होते. जो हक्क वाचताच येत नाही, तो बजावावा कसा?

सीमाबांधवांनो, एकेकट्याने कपाळाला हात लावून बसू नका. गल्लीतील सर्वांच्या नुकसानीची यादी करा, दुरुस्तीच्या पावत्या जोडा, मराठीत सामुदायिक अर्ज द्या आणि पोच घेतल्याविना कचेरीची पायरी उतरू नका!