आपलं घर : जुलैच्या सुट्टीतली दुरुस्ती

कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचक बंधूंचं पत्र आलं आहे. कांदिवलीत चारकोपला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. वर्षातले अकरा महिने ते बंद असतं. तिकडच्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून सगळं कुटुंब तेव्हाच येतं. या वेळी पाच आठवड्यांत वायरिंग बदलायचं, संडास-बाथरूम नवं करायचं आणि खालच्या मजल्यावरच्या भाभींची छत गळण्याची तक्रारही कायमची मिटवायची, असा त्यांचा बेत आहे. मिस्त्रीने फोनवर "सब हो जाएगा" म्हटलं आहे. होईल का, असं ते विचारतात.

वायरिंग होईल. बाथरूमची फरशी मात्र आल्या आल्या उखडू नका.

आखातातून येणाऱ्या बहुतेक कुटुंबांची हीच अडचण आहे. आपण येतो तेव्हा मुंबईत ऐन पावसाळा असतो. घराची दुखणी त्याच दिवसांत दिसतात, पण पाणी नेमकं कुठून येतं हे ओळखणं त्याच दिवसांत सर्वांत अवघड. बाहेरची भिंत भिजलेली, डक्टमधले पाइप ओले, आणि त्यातच आपल्या घरातले सहा जण रोज आंघोळ करतात. छताला ओल आली की बोट वरच्या बाथरूमकडे जातं. मिस्त्रीलाही तेच सोयीचं, कारण बाथरूमचं काम मोठं असतं.

म्हणून विमानात बसण्यापूर्वी खालच्या भाभींना एकच प्रश्न विचारा : पाणी कधी गळतं? तुमचं घर अकरा महिने बंद असतं, ही इथे मोठी सोय आहे. घर बंद, आत येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉकही बंद, आणि तरी फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. घर बंद असताना बाराही महिने गळत असेल, तर डक्टमधली सामाईक ड्रेनेज लाइन किंवा पाण्याची उभी लाइन तपासायला हवी. तुम्ही आल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होत असेल आणि तुम्ही गेल्यावर हळूहळू सुकत असेल, तर बाथरूम तुमचंच. कॉक उघडाच ठेवून गेला असाल, तर भिंतीतल्या तुमच्या नळाच्या लाइनवरही संशय घ्यावा लागेल.

या उत्तरावर पैशांचा हिशेब अवलंबून आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन यांतून होणारी गळती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. संडास, मोरी, सिंक यांतून आतल्या आत होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याच्या खर्चाने. दूर राहणारा सभासद शेजाऱ्याशी वाद नको म्हणून मुकाट्याने बाथरूम फोडतो, लाख-दीड लाख घालतो, आणि पुढच्या पावसात भाभींच्या छतावर तोच डाग परत येतो. मग संबंध बिघडतात ते वेगळंच. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, ई-मेल असेल तर ई-मेलवर, आणि प्लंबरसोबत दोन्ही घरांची एकत्र पाहणी मागा.

बाथरूमवरच संशय असेल तर आधी साधी परीक्षा घ्या. न्हाणी ट्रॅपचं तोंड कपड्याच्या बोळ्याने घट्ट बंद करा, जमिनीवर दोन बोटं पाणी भरा आणि दोन दिवस तसंच ठेवा. शक्यतो पाऊस उघडलेला असताना. खालच्या छताचा फोटो आधी आणि नंतर घ्या. ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेलंय. वाढली नाही तर फरशीला हात लावू नका.

वॉटरप्रूफिंग खरंच करायचं ठरलं, तर जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स चिकटवण्याचा स्वस्त सल्ला ऐकू नका. त्याने फरशी चकचकीत होते, गळती तशीच राहते. जुना कोबा काढून, पाइपच्या कडा भरून, नवा कोबा न्हाणी ट्रॅपकडे उतार देऊन करायचा आणि टाइल्स बसवण्याआधी पुन्हा तीच दोन दिवस पाणी भरून ठेवण्याची परीक्षा. पावसाळी हवेत सिमेंट सुकायला वेळ लागतो आणि पाच आठवड्यांतला पहिला आठवडा भेटीगाठींतच जातो. माझं मत विचाराल, तर जुलैमध्ये दोष शोधा, माप घ्या, लेखी दर ठरवा, आणि काम डिसेंबर-जानेवारीत भावाच्या किंवा सासऱ्यांच्या देखरेखीखाली करून घ्या.

आता वायरिंग. यात मात्र वाट पाहू नका, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. चारकोपची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८० च्या दशकात वसवली. त्या काळच्या घरांत चार दिवे, दोन पंखे, टीव्ही आणि फ्रिज एवढाच भार धरलेला असायचा. आज त्याच वायरवर दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सगळी काढून टाका. तिला तांब्याचा तुकडा जोडून काम भागवलं तर तो जोडच पुढे तापतो आणि जळतो. नवी वायर तांब्याची, आयएसआय मार्कची : दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, एसी आणि गिझरला प्रत्येकी चारची स्वतंत्र लाइन. सरकारी परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या. भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करायचा असतो, तिथेही त्याचं काम पडतं.

"एमसीबी बसवलंय, आता काळजी नाही," असं बऱ्याच घरांत ऐकू येतं. एमसीबी वायरला वाचवतं, माणसाला नाही. ओल्या हाताने कोणी उघड्या तारेला किंवा करंट उतरलेल्या गिझरला हात लावला, तर अंगातून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला पत्ताही लागत नाही. माणूस मात्र तेवढ्यात जातो. त्यासाठी वेगळा स्विच लागतो, आरसीसीबी. त्यावर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. एवढी गळती झाली की तो पापणी लवण्याआधी वीज तोडतो. त्यावर 'टी' अक्षराचं बटन असतं. महिन्यातून एकदा दाबा, वीज गेली पाहिजे. नाही गेली तर आरसीसीबी बदला. आणि अर्थिंगची तार बोर्डापासून थेट मीटरच्या खोलीतल्या अर्थपर्यंत जोडलेली आहे का, हे वायरमनला मोजून दाखवायला सांगा. कित्येक घरांत तीन भोकांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते.

आखातातून सामान आणणाऱ्यांनी आणखी एक जपावं. कुवेत, दुबई, कतार, ओमान इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, दाबही जवळपास तोच. सौदी अरेबियाची मात्र ६० हर्ट्झची, आणि तिथल्या जुन्या घरांत १२७ व्होल्टचे प्लग असतात. तसलं उपकरण इथल्या २३० व्होल्टवर लावलं की धूर निघालाच. दाब जुळला तरी ६० हर्ट्झची मोटर इथे हळू फिरते आणि जास्त तापते. वॉशिंग मशीन, मिक्सर आणताना मागची पाटी वाचा. तिथे ५०/६० असं लिहिलेलं हवं.

तिकडचे प्लग चौकोनी पिनांचे, आणि त्यांच्या पोटात १३ अँपिअरचा फ्यूज असतो. आपण इथे आलो की तो प्लग कापून गोल पिनांचा लावतो, फ्यूज गेला. किंवा रेल्वे स्टेशनबाहेरचा पन्नास रुपयांचा अ‍ॅडॅप्टर लावतो, ज्यात बहुधा अर्थ जोडलेलाच नसतो. मोबाइलच्या चार्जरला तो चालेल. तीन किलोवॅटची किटली मात्र १३ अँपिअर खेचते, आणि आपला छोटा प्लग ६ अँपिअरचा. किटली, इस्त्री, तळणीचं यंत्र यांना १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा.

नळांचंही थोडं तसंच आहे. दुबईतल्या दुकानात पाहिलेला मोठा शॉवर इथे आणून लावला की वरच्या मजल्यावर नुसता ठिबकतो. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं, आणि टाकी दहा मीटर वर असेल तेव्हा कुठे एक बारचा दाब मिळतो. सात मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याला तो मिळेल, सहाव्या-सातव्याला नाही. तिथे साधा शॉवर बरा.

सर्वांत मोठा खर्च करण्याआधी सोसायटीकडे एक चौकशी करा. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे सक्तीची आहे. तुमच्या इमारतीचा अहवाल काय म्हणतो? बाहेरचं प्लास्टर निघणार असेल तर आतल्या भिंतीचा रंग आधी का करायचा? आणि पुनर्विकासाची बोलणी पक्की होत आली असतील, तर वायरिंग आणि आरसीसीबी तेवढं करा, इटालियन टाइल्स राहू द्या.

परत जाताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. संडासातल्या हँड शॉवरचा, म्हणजे तिकडे ज्याला शत्ताफ म्हणतात त्याचा, अँगल कॉक तर नक्कीच. त्याची लवचीक नळी वर्षभर दाबाखाली राहिली की एक दिवस फुटते, आणि बंद घरातलं पाणी जिन्यावर आल्यावरच लोकांना कळतं. गॅसचा व्हॉल्व्ह बंद, फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं. न्हाणी ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल ओता. तेलामुळे पाणी लवकर सुकत नाही, आणि गटारातली झुरळं व दुर्गंधी वर येत नाही. वर्षाने परत आल्यावर गिझरचं बटन दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून पाहा. धार सलग आली, म्हणजे टाकी भरलेली आहे, मगच बटन. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

एक चावी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि त्याचं नाव व फोन सोसायटीला लेखी कळवा. पाइप फुटल्यावर दार कोणी उघडायचं, यावरून रात्री दोन वाजता कुवेतला फोन लावण्याची वेळ येऊ नये.