'मालकीण' म्हणजे नेमकी कोण?



'लिंग बदला' हा आपला हुकमी प्रश्न. मालक–मालकीण, पाटील–पाटलीण, धनी–धनीण. पाठ करा, गुण पक्के. मीही वर्षानुवर्षे असंच घेत आलो. मागे चौथीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, मालकीण म्हणजे जिच्या नावावर वावर हाय ती, का मालकाची बायको?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही.

तुम्हीच बघा. मालक हा अरबीतून आलेला शब्द, ज्याचा वस्तूवर हक्क तो मालक. पण आपल्या वाशिमकडं बाई नवऱ्याचं नाव न घेता "आमचे मालक वावरात गेले" असं म्हणते. धनी शब्दाचंही तेच. बैलाचाही धनी आणि बाईचाही धनीच! पाटलीणबाईंचं तर सरळच होतं, पाटीलकी पाटलाची, मान तेवढा बाईंचा. म्हणजे पुल्लिंगी शब्द हक्क सांगतो आणि त्याचंच स्त्रीलिंगी रूप बहुतेकदा नुसतं नातं सांगतं. व्याकरणाच्या पुस्तकात हे आपण कधी शिकवलं नाही.

गंमत म्हणजे सातबाऱ्यावर 'मालक' नसतो. गाव नमुना सातमध्ये शब्द असतो 'भोगवटादार'. मुलांना उच्चारायला अवघड, पण मला आवडतो. कारण बाईचं नाव लागलं तर तीही भोगवटादारच, भोगवटादारीण नाही. पोलीस पाटील या पदावर बाई असली तर तिला कुणी पाटलीण म्हणत नाही. सरपंचाचंही तसंच. पण तिथं लोकांनी उलटी वाट काढली आणि 'सरपंचपती' हा शब्द तयार केला. ग्रामसभेत बऱ्याचदा बोलतोही तोच!

मी मुलांना सांगितलं, घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचून या. आई किंवा आजीचं नाव सांगणारी मुलं मोजकीच निघाली. त्यातही बहुतेक घरी ते वारस म्हणून लागलेलं, म्हणजे आजोबा गेल्यावर. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "सर, हे मराठीत येते का?" माझ्या मते येते. 2005 पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तर त्याआधीच बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली होती. हक्काचा कागद आला, पण शब्दाचा अर्थ अजून 'मालकाची बायको' एवढाच शिकवायचा, हे मला पटत नाही.

मी ही जोडी गाळलेली नाही. आता नुसतं लिंग बदलायला न सांगता 'मालकीण' शब्दाचा दोन अर्थांनी वाक्यात उपयोग करायला सांगतो. त्या मुलीनं लिहिलं होतं, "आई आमच्या वावरात निंदते. ती मालकाची मालकीण हाय, वावराची नाही."

'हाय'खाली लाल रेघ मारायची राहिली. गुण पूर्ण दिले.