गर्भिणीचा रक्तदाब पहिल्या भेटीतच मोजावा

गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, न हिंदकळविता जपावे, असा चरकाचार्यांचा उपदेश आहे. हे वचन आपण संमेलनांतून नेहमी सांगतो. तथापि दुसऱ्या महिन्यात उलट्यांची तक्रार घेऊन आलेल्या किती गर्भिणींचा रक्तदाब आपण मोजतो?

काही वर्षांपूर्वी आम्हीही एका गर्भिणीस नाडी व जिह्वा पाहूनच औषध दिले; दाबमापक मेजावरच राहिला. पाचव्या महिन्यात दाब प्राकृत भरला आणि आम्ही निश्चिंत झालो. सातव्या महिन्यात तो अकस्मात चढला, मूत्रातून प्रथिने जाऊ लागली आणि प्रसूती अकाली करावी लागली. ती चूक आमचीच होती.

गर्भधारणेच्या प्रारंभापासून रक्तवाहिन्या शिथिल होऊन दाब स्वभावतः उतरू लागतो व मध्यकाळात खाली राहतो. त्यामुळे पूर्वीचा उच्च रक्तदाब झाकला जातो. २० आठवड्यांपूर्वीच १४०/९० वा अधिक दाब वारंवार आढळल्यास तो बहुधा गर्भधारणेपूर्वीचाच असतो. अशा स्त्रीस प्री-एक्लॅम्प्सियाचा, तर बालकास अल्पभार व अकाल जन्माचा धोका अधिक असतो. प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीस उत्तरायुष्यात हृद्रोगाची शक्यताही सुमारे दुप्पट असते.

वेळेवर निदान झाल्यास उपाय आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अधिक धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज १५० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. हा निर्णय प्रसूतितज्ज्ञांचा. रुग्णेस त्यांच्याकडे वेळेत पाठविणे हे मात्र आपले कर्तव्य. यात शास्त्राचा कमीपणा कसला?

औषधी विक्रेत्यांनाही एक विनंती. यष्टीमधू गर्भिणी परिचर्येत परिचित असले, तरी अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास शरीरात क्षार व जल साठून दाब वाढतो. सर्पगंधेतील रिसर्पिन अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते; नवजातास नासावरोध व सुस्ती येऊ शकते. म्हणून ही द्रव्ये गर्भिणीस वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत.

तैलपात्र जपावयाचे, तर ते किती भरले आहे हे आधी पाहावयास हवे. त्यास दोन मिनिटे पुरतात.