टू बीएचके, नो लिफ्ट!

'प्राइम लोकेशन, लॅव्हिश टू बीएचके, भरपूर हवा-उजेड, मेट्रो फक्त दोन मिनिटांवर.' पुण्यातल्या रिसेल फ्लॅटच्या दहा जाहिराती वाचा, आठ तरी अशाच निघतील. आता दोन मिनिटांत मेट्रो गाठायची तर माणसाला पंख हवेत, पण ते असो. खरा लोचा वेगळाच आहे. हे वाचून घर बघायला आलेला माणूस दाराशी पोचतो तेव्हाच त्याला वाटत असतं की आपल्याला कोणीतरी चुना लावतंय. अशा मूडमधल्या माणसाला घर विकून दाखवा!

सध्या हा विषय डोक्यात आहे, कारण माझ्या आत्याला आणि काकांना त्यांचा कोथरूडचा फ्लॅट विकायचाय. तिसरा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही. काकांचे गुडघे पार गेलेत. महिन्यातून दोनदा खाली उतरतात, तेही डॉक्टरकडे जायला. हा फ्लॅट गेला की लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके घ्यायचा, असा प्लॅन. म्हणजे व्यवहार जितके महिने लांबेल, तितके महिने काका घरात अडकलेले. एजंटच्या जाहिरातीवर चार महिने माणसं येत होती, आणि बरीच येत होती. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत विचारायची, 'लिफ्ट नाहीये?' वर येऊन पाच मिनिटं उभ्याउभ्या बघायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. आत्या बिचारी प्रत्येकासाठी चहा टाकायची.

शेवटी जाहिरात मी लिहायला घेतली. पहिलीच ओळ: 'तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या.' एजंट म्हणाला, मॅडम, फोनच येणार नाहीत. फोन कमी झाले हे खरं. पण जे आले त्यांना पायऱ्या माहीत होत्या. बहुतेक सगळे तिशीच्या आतबाहेरचे, तुमच्या-माझ्यासारखे. त्यांच्या हिशेबात 'लिफ्ट नाही' याचा अर्थ मेन्टेनन्स कमी आणि भावही जरा कमी. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपर्यंत मी घड्याळ लावून चालले, नऊ मिनिटं लागली. नऊच लिहिलं.

क्षेत्रफळाचंही तेच. जुन्या करारात ८६० चौरस फूट बिल्ट-अप लिहिलंय. भिंतींच्या आत टेप लावली तर भरले ६९०. २०१६ च्या रेरा कायद्यामुळे नव्या प्रोजेक्टमध्ये बिल्डरला कार्पेट एरियावरच फ्लॅट विकावा लागतो. त्यामुळे आजचा गिऱ्हाईक कार्पेटच विचारतो. तुम्ही बिल्ट-अप सांगितलंत की तो मनातल्या मनात वीस-पंचवीस टक्के कापतो, आणि कधीकधी जरुरीपेक्षा जास्तच कापतो. मग आपणच खरा आकडा का देऊ नये?

फोटोंचा फंडा सोपा. सकाळी ज्या खोलीत ऊन येतं तिचा फोटो सकाळीच काढायचा. दोरीवरचे कपडे, फ्रिजवरच्या औषधांच्या पट्ट्या, पाहुण्यांसाठी रचून ठेवलेल्या गाद्या, सगळं फ्रेमच्या बाहेर. फोनमधली अल्ट्रा-वाइड लेन्स मात्र वापरू नका. तिच्यात दहा बाय दहाची बेडरूम मंगल कार्यालयासारखी दिसते आणि माणूस आत आला की त्याचा चेहरा पडतो. आणि गच्चीखालच्या घरात ओल असेल तर तिच्यावर पुट्टी मारून रंग देण्याचा शहाणपणा नको. पहिल्या पावसात ती परत येते. काकांनी सोसायटीच्या मागे लागून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि त्याचं बिल फाइलला लावलं.

ही फाइल म्हणजे माझ्या मते सगळ्यात भारी मार्केटिंग. आपल्या वयाचे लोक लोन काढून घर घेतात आणि बँकेचा वकील कागद मागतो: आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, कम्प्लिशन सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीची बाकी नसल्याचं पत्र. यातला एक कागद सापडेना की महिना गेलाच. काकांनी झेरॉक्सचे दोन सेट करून टीपॉयवर ठेवले. सोफ्यापेक्षा लोक त्या फाइलकडेच जास्त वेळ बघतात. बाई एकटी खरेदी करणार असेल तर आणखी एक गोष्ट सांगायची: एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं तर ती मिळत नाही. ७० लाखांच्या घरावर हे ७० हजार होतात.

'रिडेव्हलपमेंट लवकरच' हेही एजंटने टाकलं होतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असा ठरावच झालेला नाही. काढलं.

खरं भांडण झालं ते शेवटच्या ओळीवरून. काकांना हवं होतं, 'फक्त शाकाहारी कुटुंबास.' माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी घर शोधत होती. फोनवर आडनाव सांगितलं की पलीकडून उत्तर यायचं, 'फ्लॅट आत्ताच गेला हो.' तोच फ्लॅट पुढे दोन महिने साइटवर झळकत होता. शाकाहारी म्हणजे काय विचारायचंय, हे तिला नीट कळतं. काकांनाही कळतं. मी म्हटलं, काका, तुम्ही तर इथे राहणारच नाही, मग पुढच्याने काय शिजवलं याचं तुम्हाला काय? ते म्हणाले, सोसायटीतले लोक काय म्हणतील? त्यावर आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, 'दर बुधवारी खालून बोंबलाचा वास येतो, तेव्हा कोण काय म्हणतं? आणि तुम्ही कसले हो शाकाहारी, ऑफिसच्या पार्टीचं सांगू का हिला?' ओळ गेली. एजंटलाही सांगितलं, बजेट विचारा, लोन मंजूर झालंय का ते विचारा, आडनाव विचारू नका. तो 'बरं' म्हणाला. पाळतो की नाही हे बघायला मी पुढचे फोन माझ्याच नंबरवर घेतले.

भाव ठरवताना 'शेजारच्यांना एवढे मिळाले' यावर जाऊ नका, शेजारी नेहमी जास्तच सांगतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे. त्यात आपल्या भागातल्या नोंदवलेल्या व्यवहारांच्या किमती फुकट बघता येतात. काकांचा आकडा त्यानंतर चार लाखांनी खाली आला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

एक जोडपं तीनदा येऊन गेलंय. तिसऱ्यांदा मुलीचे वडील टेप घेऊन आले होते. माप जुळलं. मुलीने विचारलं, पाणी किती वाजता येतं? काका म्हणाले, 'सकाळी सहा ते आठ. आणि गुरुवारी कधीकधी येतच नाही.' आत्याने कपाळाला हात लावला. टोकनचा चेक त्याच संध्याकाळी आला. पावतीवर एकूण किंमत, करार किती दिवसांत, आणि लोन नाकारलं गेलं तर टोकन परत, एवढं लिहून दोन्हीकडच्या सह्या झाल्या आहेत. आता बँकेच्या वकिलाची वाट बघतोय.