वायफायची चिप आहे, मग लिनक्सला ती दिसत का नाही?

पेनड्राइव्ह जोडला की तो संगणकाला स्वतःची ओळख सांगतो. पण छोट्या बोर्डवरच्या वायफाय चिपची रीसेट पिन कुठे जोडली आहे, हे कर्नलला आपोआप कळत नाही. त्यासाठी 'डिव्हाइस ट्री' फाइलमध्ये पिनचा क्रमांक आणि ती कोणत्या पातळीला सक्रिय होते, हे लिहावं लागतं. पातळी उलटी लिहिली, तर चिप रीसेटमध्येच अडकते. ड्रायव्हर ठीक असूनही वायफाय गायब!

पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच असे. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर टीका केली आणि डिव्हाइस ट्रीकडे वाटचाल वेगाने झाली.

मात्र कंपनीने जोडणीची माहिती खुली केली नाही, तर सपोर्ट संपल्यावर धडधाकट उपकरणही नव्या कर्नलवर चालवणं कठीण होतं.