निजायची गाणी नव्हेत

हळू आवाजातलं काहीही कानावर पडलं की त्याला ‘रिलॅक्सिंग’ म्हणून मोकळं व्हायची हल्ली पद्धत पडली आहे. बासरी? रिलॅक्सिंग. पावसाची रिपरिप? रिलॅक्सिंग. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनंसुद्धा मी अशा एका यादीत पाहिली आहेत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

तर झालं असं, की माझी भाची माँट्रियलला असते. तिनं मध्यंतरी एक इंग्रजी अल्बम पाठवला आणि वर सांगितलं, “आत्या, झोप येत नसली की हा लावत जा. एकदम शांत आहे.” मी लावला आणि होती ती झोपही गेली! भाची हा ब्लॉग वाचते, म्हणून तिच्याशी असलेला माझा मतभेद इथेच मांडते आहे.

अल्बमचं नाव गाणाऱ्या दोघींचंच आहे, ‘केट अँड अ‍ॅना मॅकगॅरिगल’. साल १९७६. दोघी सख्ख्या बहिणी. अ‍ॅना १९४४ ची, केट १९४६ ची, आणि त्यांच्याहून मोठी जेन. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, माँट्रियलच्या उत्तरेला लॉरेन्शियन डोंगरातल्या एका गावात त्या वाढल्या. घरात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. गावातल्या जोगिणींकडे त्या पियानो शिकल्या आणि संध्याकाळी घरच्या पियानोभोवती बसून सगळे मिळून गायचे. पुढे केटनं मॅकगिल विद्यापीठात इंजिनिअरिंग केलं आणि अ‍ॅनानं चित्रकला. गाणं हा व्यवसाय करायचा असं दोघींनी काही ठरवलेलं दिसत नाही. पहिला अल्बम निघाला तेव्हा केट तिशीला आली होती आणि अ‍ॅनानं ती ओलांडली होती. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकानं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं, पण खप बेताचाच झाला. गावोगाव कार्यक्रम करत हिंडणंही शक्य नव्हतं, कारण केटला दिवस गेले होते.

मला इंग्रजी गाणं नुसतं ऐकून कळत नाही, हे आधीच सांगते. बी.ए. मराठीची आणि जन्मभर शिकवलं तेही मराठीच. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस मी शब्द सोडून फक्त आवाज ऐकले. एक आवाज जरा टोकदार, दुसरा त्याच्या मागे सावलीसारखा. आपल्या कानाला सवय एका सुराची. ‘आझाद’ (१९५५) मधलं लता-उषांचं ते नाचाचं गाणं आठवा. दोघी बहिणी, पण एक ओळ हिची, एक तिची, आणि एकत्र आल्या तर त्याच सुरावर. इथे दोघी एकाच वेळी, एकच शब्द, वेगवेगळ्या सुरांवर म्हणतात. पाश्चात्त्य संगीतात हे नेहमीचंच, त्यात नवल नाही. नवल हे, की दोघींचे स्वर वेगळे असूनही उच्चार मात्र एकच. कुठला शब्द किती लांबवायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे ठरवून केल्यासारखं वाटतच नाही. एका घरात, एका आईच्या हाताखाली बोलायला शिकलेल्या मुलींनाच ते जमावं. तालमीनं आवाज जुळतात, उच्चार इतके जुळत नाहीत, असं माझं मत आहे. (शाळेचं समूहगीत पंचवीस वर्षं मीच बसवत होते, त्यामुळे मत द्यायचा अधिकार थोडासा आहे!)

मग भाचीकडून शब्द मागवले आणि शब्दकोश घेऊन बसले. बारा गाणी. त्यातलं एक फ्रेंच, माँट्रियलच्या सेंट कॅथरीन रस्त्यावरचं, ते तसंच सोडून दिलं. बाकीची वाचत गेले आणि भाचीचं ‘एकदम शांत’ काही पटेना. नावंच पाहा ना, एक निरोपाचं चुंबन मागणारं, एक मनाला चाकाची उपमा देणारं, आणि शेवटून दुसरं, ‘गो लीव्ह’, म्हणजे सरळ ‘जा, निघून जा’. हे तिसरं केटचं. तिनं १९७१ साली लाउडन वेनराइट या अमेरिकन गायकाशी लग्न केलं, १९७३ साली मुलगा रुफस झाला, १९७६ साली मुलगी मार्था. हा अल्बम झाला त्या सुमारास ते लग्न मोडत होतं. ‘गो लीव्ह’मध्ये गिटार आणि एक आवाज, बस. रडत नाही, ओरडत नाही. अशा वेळी मोठ्यानं बोललं तर शेवटचा शब्द घशातच अडकतो, हे ज्यांच्यावर तशी वेळ आली आहे त्यांना माहीत आहे.

चाकाचं गाणं अ‍ॅनाचं. ते लिंडा रॉनस्टॅट या अमेरिकन गायिकेनं आधीच, १९७४ साली गायलं होतं आणि तिचा तो अख्खा अल्बम त्याच नावानं निघाला. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. रॉनस्टॅटचा आवाज काय सुंदर! मोकळा, भरलेला, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचणारा. पण तिचं दुःख मला ऐकवलं जातं. बहिणींचं गाणं ऐकताना मात्र मी दाराआड उभी राहून दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकते आहे असं वाटत राहतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. शेजारच्या खोलीत माणसं निजलेली असताना आपण कसं बोलतो? आवाज खाली असतो, म्हणून काय मन निवांत असतं?

आठवं गाणं, ‘टेल माय सिस्टर’, हेही केटचं. परगावी असलेली बाई घरी परत निघाली आहे आणि ते आईच्या कानावर घालायचं काम ती बहिणीवर सोपवते. एवढाच विषय. आपल्याकडे माहेरच्या ओव्यांना तोटा नाही, पण त्यांत निरोप न्यायला असतो तो भाऊराया. मुराळी तोच, वाट पाहायची त्याचीच. बहीण त्यांत नसते असं नाही, पण निरोप नेणारी म्हणून ती फारशी दिसत नाही, कारण ती बिचारी स्वतःच कुठेतरी नांदत असते. शिवाय आपल्या ओवीतली लेक माहेरी येते ती चार दिवसांसाठी, सणाला. कायमची परत आलेली लेक ओवीत मला तरी भेटलेली नाही.

घरात मात्र भेटली आहे. ताईला विचारूनच लिहिते आहे. “लिही, पण नाव घालू नकोस” म्हणाली. १९७३ साली तिचं आंतर्देशीय पत्र मला शाळेच्या पत्त्यावर आलं. “मी येत्या रविवारी येते आहे, परत जाणार नाही. आईला तू सांग. पहिलं वाक्य मला बोलता येणार नाही.” आई तांदूळ निवडत बसली होती आणि पलीकडच्या खोलीत काका निजले होते. मी जवळजवळ कुजबुजतच सांगितलं. आईनं हातातला खडा बाजूला टाकला आणि तशाच आवाजात विचारलं, “एस्टी किती वाजता पोचते?” रविवारी आम्ही दोघी स्टँडवर गेलो. त्यानंतर घरात पुष्कळ मोठमोठ्यानं बोलणी झाली, पुढे कित्येक महिने होत राहिली, पण त्यांतलं मला आज धड काही आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही तुमच्या घरचं त्या गाण्यात पाहता. पाहते तर! आणि कुठे पाहायचं? पण गाणं नुसतंच गोड असतं तर माझ्या घरचं त्यात मावलं नसतं. याच गाण्याचं नाव देऊन २०११ साली या बहिणींचे पहिले दोन अल्बम पुन्हा एकत्र काढले गेले. सोबत आणखी एक तबकडी होती, त्यांच्या सुरुवातीच्या कच्च्या मुद्रणांची. केट तोवर राहिली नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायली आणि १८ जानेवारी २०१० ला माँट्रियलला कर्करोगानं गेली. २०१५ साली अ‍ॅना आणि जेन यांनी मिळून लहानपणच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ते भाचीनं आणायचं कबूल केलं आहे, तिनं इथे हे वाचावं.

एक गंमत राहिलीच. आठव्या गाण्यात बाई घरी परत निघते आणि लगेच नववं सुरू होतं ते पोहण्याचं, बँजोवरचं, अगदी खेळकर. ते लिहिलं आहे लाउडन वेनराइटनं, म्हणजे केटच्या नवऱ्यानंच! संसार मोडायला आला आहे आणि ही बाई त्याचं गाणं आपल्या अल्बममध्ये घेते, तेही या जागी. मला आधी हे मुळीच रुचलं नव्हतं. गाणं चांगलं, म्हणून घेतलं, इतका सरळ हिशोब असेल का?

गेल्या आठवड्यात ताई राहायला आली होती, तिला दोन्ही ऐकवली. आठवं तिनं डोळे मिटून ऐकलं, काही बोलली नाही. नववं लागल्यावर मांडीवर ताल धरला. ते कोणाचं आहे तेही मी सांगितलं.

“असू दे की,” ताई म्हणाली. “पुन्हा लाव ते.”