वाचणारा मध्येच उठून गेला तर?

एका प्रोग्रामने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे, यासाठी युनिक्समध्ये १९७३ साली ‘पाइप’ आला. वाचणारा मध्येच बंद झाला, तर लिहिणाऱ्याला ‘सिगपाइप’ हा संकेत मिळतो. लिनक्सवर त्याचा क्रमांक १३. वेगळी तजवीज नसेल, तर लिहिणारा प्रोग्राम तिथेच संपतो. चूक नोंदवायलाही सवड मिळत नाही. मोठ्या फाइलच्या पहिल्या दहा ओळीच हव्या असतील, तर हे सोयीचेच. पण एकाने जोडणी तोडली म्हणून शेकडो ग्राहकांचा सर्व्हर कोसळावा, हे कुणालाच परवडणारे नाही.

त्यामुळे पायथन आणि रस्ट या भाषांत हा संकेत सुरुवातीलाच बाजूला ठेवला जातो. खरी गफलत त्यापुढे होते. संकेत टाळला, तरी लिहिताना ‘ईपाइप’ ही त्रुटी परत येतेच. ती तपासली नाही, तर प्रोग्राम सुखेनैव चालू राहतो आणि माहिती मात्र कुठेच पोहोचत नाही. हे कोसळण्याहून वाईट, कारण कळते फार उशिरा.

शिवाय संकेत टाळण्याची सूचना पुढे सुरू केलेल्या प्रोग्रामकडेही वारशाने जाते. इतरांसाठी लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ती परस्पर देऊ नये. सॉकेटवर लिहायचे असेल, तर लिनक्समध्ये त्या एका पाठवणीपुरता संकेत रोखता येतो.